बांधावरचा गोळा

ही हकीकत मी आधी तीन वेळा सांगितली, आणि तिन्ही वेळा तिच्यातला एकेक तुकडा खिशातच ठेवला. दोस्ताला एक सांगितली, पोलिसांना दुसरी. बायकोला जरा जास्त सांगितलं, पण तेही पुरं नाही. पुरी सांगितली ती फार उशिरा. आता लिहितो. लिहिताना हात गार पडतात, म्हणून अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

मी लोहाऱ्यात शाळेवर चित्रकला शिकवतो. पन्नाशी उलटली. गावात मला कमी बोलणारा माणूस म्हणतात आणि ते खरं आहे. लग्नाकार्यात मी टोकाला बसतो, जेवतो, उठतो. फक्त तोफेचा विषय निघाला की माझी जीभ सुटते. नळदुर्गच्या उंच बुरुजावर पडलेली ती लांबलचक तोफ मी आठवीच्या सहलीत पाहिली. बाकीची पोरं तिच्यावर चढून ओरडत होती. मी तिच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर दगड भाजत होता आणि नळीच्या आत गारवा होता. तेव्हापासून मला हे लागलं ते लागलंच.

पुढं परंड्याच्या तोफा झाल्या. पुस्तकं झाली, रद्दीतली इंग्रजी मासिकं झाली, मग मोबाईल आला. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेच्या रुळांवरून ओढत नेलेल्या तोफांची चित्रं मी मापात काढायचो. त्यांचा एकेक गोळा वजनानं उसाच्या भरल्या ट्रॉलीएवढा. वर्गात पोरांना फुलदाणी काढायला लावून मी वहीत तोफेचा गाडा काढत बसलेलो आहे.

जोडीला एस.टी. डेपोतला एक मेकॅनिक होता. तो जुन्या लढाऊ विमानांचा वेडा. गोडेतेलाचे रिकामे डबे कापून त्याच्या पत्र्याची विमानं करायचा आणि घरातल्या आढ्याला दोऱ्यानं टांगायचा. मला म्हणायचा, "मास्तर, तुमची तोफ म्हंजे झोपलेली म्हस. विमान बघा, बसलेलं असलं तरी उडाल्यावानी दिसतंय." एकदा आम्ही दोघं मोटारसायकलवर दिवसभर फिरून चौथऱ्यावर बसवलेलं एक निवृत्त लढाऊ विमान बघून आलो. जेवायचं विसरून तो पंखाखाली उभा राहून रिबिटं मोजत होता. मध्येच मी काही विचारलं तर शिवी हासडून परत एकपासून सुरू.

रविवारी आम्ही किल्ल्यांवर जायचो. टेप, वही, खडू. तोफेची लांबी, तोंडाचा व्यास, कड्यांची संख्या. आणि आमची एक रीत होती: मोटारसायकलच्या किल्लीनं तोफेच्या अंगावर ठोकायचं आणि कान लावून ऐकायचं. पंचधातूची तोफ घुमते, ओतीव लोखंड मुकं असतं. आवाजावरून मी डोळे मिटून धातू सांगायचो आणि माझं चुकत नसे. चुकत नसे, हे जरा लक्षात ठेवा.

आमच्या त्या सगळ्या गप्पांत माणूस कधी मरत नसे. पल्ला असे, वजन असे, दर मिनिटाला किती गोळे ते असे. तो गोळा कुठं पडला, तिथं कोण होतं, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. माझ्या घरात तर ते विचारायची सोयच नव्हती. अठ्ठेचाळीस साली निजामाच्या राज्यात भारताची फौज शिरली, त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आजोबांचे धाकटे भाऊ गेले ते परत आले नाहीत, एवढंच मला ठाऊक. अब्बांसमोर तो विषय निघाला की ते उठून नमाजाच्या वजूला जात, वेळ झालेली नसली तरी.

एका रविवारी नळदुर्गच्या बुरुजावर आमची मोजामोजी बघत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, टोपी, हातात पिशवी. अणदूरच्या शिवारात त्यांची शेती होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही पुढं तेच म्हणू लागलो. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आमच्या बी बांधावर एक गोळा हाय. आमची माय सांगायची, सोलापूरकडनं फौज आली, वरनं इमानं फिरायली, तवा पडलेला. फुटला न्हाय म्हून वाचलो, म्हनायची. त्याला हात लावू नका."

"मग?" मेकॅनिक म्हणाला.

"मग काय, शेंदूर लावतो. नांगर हातभर लांबनं वळवतो. येळवशीला या की, बघा."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, तिची पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ज्याच्या शेतात जावं तो हाताला धरून बसवतो. अण्णांच्या शेतात तीस-चाळीस माणसं होती. जेवणं झाली आणि अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मास्तर तोफंचे जाणकार हायत. नळदुर्गची तोफ किल्लीनं वाजवून सांगत्यात, कशाची हाय ती."

सगळी पंगत उठून बांधावर आली. बोरीच्या झुडपाखाली तो होता. दीड-दोन वितीचा, टोकाला निमुळता, बुडाशी जमिनीत रुतलेला. शेंदराचे थरावर थर. समोर फुटलेल्या नारळाच्या करवंट्या. मी गुडघ्यावर बसलो. इतकी माणसं माझ्याकडं बघताहेत, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी किल्ली काढली आणि ठोकलं.

होय. ठोकलं. आज हे लिहिताना मान आपोआप मागं जाते.

आवाज मुका आला. "भरीव आहे," मी म्हणालो. "तोफखान्याचा सरावाचा गोळा. आत दारू नसते यांच्या. नुसतं लोखंड. भ्यायचं कारण नाही."

कुणीतरी हसलं. "अण्णा, इतकी वर्सं लोखंडाला नारळ फोडलं की वो!"

अण्णाही हसले, पण जरा कसनुसे. त्यांची सून मागं उभी होती, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "खरंच काय न्हाय ना मास्तर? पोरगी हिकडंच खेळती."

"निवांत राहा ताई," मी म्हणालो.

आता पोकळ भांडं घुमतं हे खरं. पण मुका आवाज दोन कारणांनी येतो. एक, आतून सलग लोखंड असेल. दोन, आत काही ठासून भरलेलं असेल. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण चाळीस माणसं बघत असताना 'मला सांगता येत नाही' हे वाक्य माझ्या तोंडात आलं नाही.

आठेक दिवसांनी मी त्या गोळ्याचं चित्र काढायला घेतलं. येळवशीला मोबाईलवर काढलेला फोटो बोटांनी मोठा केला. बुडाच्या जरा वर शेंदराचा पोपडा निघाला होता आणि त्याखाली तांबूस पट्टा दिसत होता. तांबं. त्या पट्ट्यावर तिरके, सारख्या अंतरावरचे ओरखडे.

ज्याला तोफेचा नाद नाही त्याला यात काही दिसणार नाही. मला एका क्षणात दिसलं. तोफेच्या नळीला आतून पीळ असतो. गोळा सुटताना त्याच्यावरचा तांब्याचा पट्टा त्या पिळातून घासत जातो आणि असे तिरके काप पडतात. म्हणजे हा गोळा सरावाच्या ढिगातून कुणी फेकून दिलेला नव्हता. तो तोफेतून सुटला होता, त्या बांधावर येऊन पडला होता आणि फुटायचा राहिला होता. निमुळत्या टोकाला शेंदराखाली जे होतं, तो त्याचा फ्यूज होता, आदळला की आतली दारू पेटवणारा.

मी मोबाईल उलटा ठेवला. पाणी प्यायला उठलो आणि तांब्या हातातून सुटला. तो जमिनीवर आपटला तसा मी भिंतीला चिकटलो. माझ्या स्वतःच्या घरात, लोहाऱ्यात, त्या गोळ्यापासून तासाभराच्या अंतरावर.

दोन दिवसांनी मेकॅनिकनं तोच फोटो बघून विचारलं, "मास्तर, ते ओरखडं बघितलं का?"

"नांगराचे आहेत," मी म्हणालो.

"तिरपे? इतके सारखे?"

"तू विमानं बघ बाबा."

त्यानं मोबाईल परत दिला. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

मी स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षं तो तिथंच आहे. नांगर लांबून वळतो. कुणी हात लावत नाही. माझ्या एका शब्दानं काय बदलणार? हे मी रोज म्हणायचो, दात घासताना, फळ्यावर रेघ मारताना. शिमग्याच्या सुमारास अण्णांचा फोन आला. ज्वारी काढली होती, बांध सारखा करायला ट्रॅक्टर लावला होता. "दर साली तेवढा तुकडा सोडतो. औंदा पोरगं म्हनलं, मास्तरांनी सांगितलंय नुसतं लोखंड हाय, कशाला जागा अडवायची? काढला. घरी आनलाय. गोठ्याच्या दाराला आड लावायला लई बेस झालं."

"घरी?"

"व्हय. नात त्याच्यावर बसून भाकर खाती."

मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. आत पोरांचा गलका चालू होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते असं: "अण्णा, तो गोळा फार किमती आहे. संग्रहालयात ठेवण्याजोगा. त्याला धक्का लावू नका, दारात ठेवू नका. जपून ठेवा." मला वाटलं, मी मार्ग काढला. कुणी हात लावणार नाही आणि माझं बोलणंही खोटं ठरणार नाही.

पाडव्यानंतर राहवेना म्हणून मी बघायला गेलो. पत्र्याचं घर, दोन खोल्या, पुढं पडवी. अण्णांचा मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातून दोन दिवस घरी. घरात अण्णा, सून आणि ती मुलगी. सुनेनं बाज पुढं ओढली. "बसा मास्तर." मी बसलो आणि विचारलं, "गोळा कुठं ठेवलाय?"

"तुमी बसलाय त्याच्या खालीच की!" ती हसली. "किमती हाय म्हनला न्हवं का. मग बाहीर कसा ठिवायचा? आमी मायलेकी हितंच झोपताव, त्यामुळं कुनी नेनार बी न्हाय."

मी वाकून पाहिलं. तिनं तो चिंच आणि राखेनं घासला होता. शेंदूर निघाला होता. टोकाचं पितळ देवाच्या भांड्यासारखं चमकत होतं. त्याच्यावरचे बारीक आकडे वाचता येत होते.

वर पत्रा तापून तडतडत होता. दर तडतडीला माझ्या पाठीतून घाम फुटे. मुलगी बाजेवर चढली, उड्या मारू लागली, आणि बाजेची सुंभाची वीण खाली वर होऊ लागली. खालचं ते पितळ आणि वरची ती पावलं, मधे वीतभर अंतर.

"उतर गं," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की मुलगी रडायला लागली.

"अवो खेळू द्या, मोडत न्हाय बाज," सून म्हणाली आणि चहा आणला. मी तो चहा प्यायलो, बशी न सांडता. आणि काही न बोलता निघून आलो.

त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, अर्धंच. सांगितलं की गोळा जिवंत असावा असा मला आता संशय आहे. तिनं हातातलं पीठ झटकलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अजी, चुप बैठो. बम का नाम अपने मुँह से नक्को निकालो. पैले तुमकोच बुलाएंगे. फोटो तुमारे मोबाईल में, मापां तुमारी वही में. क्या जवाब देंगे?"

तिचं भय खोटं नव्हतं. आमच्यासारख्याच्या घरात तोफगोळ्यांच्या चित्रांच्या वह्या सापडल्या तर कोण काय म्हणेल, याचा विचार मीही केला. त्या आठवड्यात मी सगळ्या वह्या कपाटावरून काढून ज्वारीच्या कोठीमागं सरकवल्या. मोटारसायकल दारात थांबली की कान टवकारायचे. पण आज कबूल करतो, हे कारण मला नंतर मिळालं. बायकोनं माझ्या हातात आणून दिलं आणि मी ते ढालीसारखं धरलं. त्याआधीचे तीन महिने मी गप्प होतो, तेव्हा माझ्या डोक्यात पोलीस नव्हते. येळवशीची ती पंगत होती. 'मास्तरांचं चुकलं' असं ती माणसं म्हणतील, एवढंच होतं.

चैत्र गेला. ऊन वाढेल तसा मी तापमान बघायला लागलो. पत्र्याखाली किती होत असेल? पुस्तकं काढून वाचायचो की जुन्या दारूला उष्णतेनं काय होतं, आणि अर्ध्यात मिटायचो. एका पोरानं वर्गाच्या कोपऱ्यात फुगा फोडला. मी टेबलाखाली होतो. पोरं हसली, मीही हसल्यासारखं केलं. अणदूरचं कुणी भेटलं की आधी मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायचो. तो 'काय मास्तर' म्हणाला की समजायचं, आज काही झालेलं नाही.

वैशाखात एका दुपारी सुनेचा फोन आला.

"मास्तर, आमचं मालक आल्यात घरी. त्ये म्हनत्यात, म्होरचं पितळ फिरल्यावानी वाटतंय. आत काय हाय बघावं. पाईपपाना लावलाय, पन घट्ट हाय. डावीकडं फिरवायचं का उजवीकडं?"

मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "इचार की लवकर, हात निसटायलाय."

माझ्या कानात शीळ वाजायला लागली. "थांबा," मी म्हणालो.  परत म्हणालो. "थांबा. पाना तसाच सोडा. ओढू नका, काढू नका. पोरीला उचला. सगळे बाहेर पडा."

"का वो? काय झालं?"

"तो भरलेला आहे. जिवंत आहे. फुटेल."

पलीकडं तिनं मुलीला हाक मारली. मग ती म्हणाली, "तुमीच सांगितला हुता न्हवं, नुसतं लोखंड हाय म्हून?" आणि फोन पडल्याचा आवाज आला.

मी मोटारसायकल काढली. त्या रस्त्याबद्दल मला आठवतं ते एवढंच की मी रस्त्याकडं बघत नव्हतो. मी आभाळाकडं बघत होतो, अणदूरच्या बाजूला धूर दिसतो का म्हणून. वाटेत एका उसाच्या फडाला आग लावलेली होती. तो धूर दिसला तेव्हा मी गाडी बांधाला घातली. मग लक्षात आलं, हा फडाचा आहे. पुन्हा गाडीवर बसलो.

ते सगळे घरापासून लांब कडुलिंबाखाली उभे होते. अण्णा, मुलगा, सून, कडेवर मुलगी. शेजारच्या वस्तीवरचे चार जण. पोलीस पाटलांना कुणीतरी फोन केला होता. पाना गोळ्याच्या टोकाला तसाच लटकलेला, बाजेखाली. मुलानं हातानं दाखवलं, असा, तिरका. 

आणि गोठ्यात म्हैस ओरडत होती. दोन खोल्यांच्या भिंतीपलीकडंच गोठा. बांधलेली, उन्हात, पाण्यावाचून.

अण्णा म्हणाले, "मास्तर, म्हस सोडून आनू का? तुमास्नी त्यातलं कळतंय. चालंल का?"

ती सोडायला जायला हवं होतं ते मी. इतक्या माणसांत हे जर कुणाचं काम होतं तर माझं. मी घराकडं बघितलं. पाय जमिनीतून उचलले गेले नाहीत. "नको," मी म्हणालो, "कुणीच जाऊ नका." हे बोलणं बरोबरही होतं, आणि म्हणूनच मला ते वापरता आलं.

तेवढ्यात सुनेनं मुलगी अण्णांच्या हातात दिली आणि ती चालायला लागली. नवरा ओरडला. तिनं वळून बघितलं नाही. चप्पल न घालता, हळू, पाय न आपटता ती गोठ्यात शिरली. आम्ही सगळे दाताखाली पदर, टोपी, जे असेल ते धरून उभे. म्हशीचं दावं सुटेना, तेव्हा तिनं विळा घेतला. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. ती म्हशीला घेऊन बाहेर आली, लिंबाखाली आली, आणि कुणाशी न बोलता मुलीला परत कडेवर घेतलं.

पुढचं सगळं त्या त्या माणसांनी नीट केलं. पोलीस आले, वस्ती रिकामी झाली, दुसऱ्या दिवशी बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. त्यातल्या एकानं जाड पोशाख घालून, एकट्यानं, तो गोळा बाहेर आणला. पडीक रानात खड्डा, वाळूची पोती. आम्हाला दूर ओढ्यापलीकडं थांबवलं होतं. मेकॅनिक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

आयुष्यभर ज्या आवाजाची मी वर्णनं वाचली होती, तो मी त्या सकाळी ऐकला. कानाआधी तो छातीत आला. जमीन तळपायाखाली सरकली, मग मातीचा काळा खांब उठला आणि झाडांवरचे सगळे पक्षी एकदम नाहीसे झाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो.  मला बाजेची ती वीण दिसत होती, खाली वर होणारी.

नळदुर्गच्या ठाण्यात मला बोलावलं. अधिकारी माणूस सभ्य होता, चहा मागवला. माझ्या नावावर तो क्षणभर थांबलाही नाही. विचारलं, "तुम्हाला हा जिवंत आहे हे कधी लक्षात आलं?"

"फोन आला तेव्हा," मी म्हणालो. "पितळ फिरतंय म्हणाल्या, त्यावरून."

त्यानं लिहून घेतलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर अणदूरच्या ग्रामपंचायतीनं माझा सत्कार केला. एका कुटुंबाचे प्राण वाचवले म्हणून शाल आणि नारळ. अण्णांच्या हातून. अण्णांचे डोळे भरले होते. मेकॅनिक पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं टाळी वाजवली नाही. सत्कारानंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नांगराचे ओरखडे, नाही का मास्तर?" त्या दिवसापासून तो रविवारी येत नाही. डेपोत दिसला तर हात करतो, एवढंच.

दिवाळी झाल्यावर मी अणदूरला गेलो. जाताना तीन वेळा गाडी थांबवली. आता भीती स्फोटाची नव्हती.

अण्णा पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होते. सून आत होती. मी म्हणालो, "अण्णा, मला एक सांगायचंय. ताईंनाही बाहेर बोलवा." ती आली, दाराला टेकून उभी राहिली. मी उभ्यानंच सांगितलं. येळवशीला सांगितलं ते मला नक्की माहीत नसताना सांगितलं. आठ दिवसांनी मला कळलं. मेकॅनिकला खोटं बोललो. किमती म्हणालो ते खोटं. पाडव्यानंतर बाजेवर बसून चहा प्यायलो तेव्हा मला सगळं माहीत होतं. ठाण्यातही खोटं बोललो.

अण्णांनी शेंगा सोलणं थांबवलं.  मग म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. मानसाच्या हातनं होतंय. वाचलाव न्हवं सगळे. आमच्या मायनं सांगितलं हुतं हात लावू नका, आमीच ऐकलं न्हाय."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. सून तशीच उभी होती.

"येळवशीपासनं?" तिनं विचारलं.

"आठ दिवसांनंतरपासून."

ती बोटांवर काही मोजत नव्हती, पण तिचे ओठ हलत होते. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. मग ती म्हणाली, "एक इचारते, खरं सांगा. तुमच्या घरात असता, तुमची लेक वर झोपत असती, तर किती दिस गप बसला असता?"

अण्णा म्हणाले, "अगं, पाव्हण्याला असं..."

"अण्णा, तुमी थांबा जरा."

मी उत्तर शोधलं नाही. ते पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होतं.

"एक तासही नाही," मी म्हणालो.

ती मान हलवत राहिली, जणू हेच ऐकायचं होतं. मुलगी अंगणात म्हशीच्या पुढ्यात कडब्याची पेंढी ओढत होती. तिनं तिला हाक मारली, जवळ आल्यावर हाताला धरलं, आणि मला म्हणाली, "पोलिसांनी तुमचं खोटं लिवून घेतलंय न्हवं? त्यास्नी बी सांगून या. मग बसायला या."

तिनं मुलीला आत नेलं. अण्णा मला सोडायला उठत होते, मी त्यांना बसवलं आणि गाडीकडं गेलो. लोहाऱ्याचा रस्ता उजवीकडं. मी गाडी नळदुर्गकडं वळवली, ठाण्याच्या रस्त्याला. भीती वाटत होती. अजून वाटते.